भिंतीवरचं मिठागर

मी मिठागरातल्या पाण्यात रंग कालवून चित्र काढलं, त्यावर डिंकाने खडेमीठ चिकटवलं, ते काचेच्या फ्रेममध्ये बसवलं आणि ऐन ज्येष्ठात खाडीकाठच्या एका घरात भिंतीवर टांगलं.

एवढं वाचून ज्यांनी कपाळावर हात मारला, त्यांनी कोकणात निदान एक पावसाळा काढलेला आहे. मी तर जन्मापासूनचे सगळे इथेच काढलेत, रोह्यात. आषाढ लागला की आमच्या मिठाच्या बरणीत बायको तांदळाचे दाणे टाकते, हे मी दर वर्षी बघतो. आणि दर वर्षी ताटात मीठ घेताना विचारतो, "हे ओलं कसं झालं गं?" शाळेत मुलांना मी चित्रकला शिकवतो, विज्ञान नाही, हे त्या मुलांचं नशीब.

परवा सकाळी बरणीत चमचा घातला तर खुळखुळ वाजला. पौष निम्मा सरला होता. मीठ मोकळं झालं होतं, वाळूसारखं. दाराबाहेर कोरडा वारा सुटला होता, कुंडलिका नदीवरचं धुकं उठायला लागलं होतं, आणि कुठेतरी कुणीतरी मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी वालाच्या शेंगा निवडत असणार, अशी ती सकाळ होती. इतर लोकांना या दिवसांत पोपटी आठवते. मलाही आठवते, मी काही साधू नाही. पण मीठ मोकळं झालं की मला आधी तो हंगाम आठवतो, हिराबाईच्या मिठागरातला शेवटचा.

तो सांगायचा तर आधी माझी आणखी एक कीर्ती सांगावी लागेल. मी चित्र पूर्ण करत नाही. करत नाही म्हणजे होत नाही. आमच्या पलंगाखाली अर्धी कुंडलिका वाहते. कपाटावर खांब गावाजवळचा महामार्ग आहे, त्यावर ट्रक आहे, ट्रकला चाकं नाहीत. गागोद्याच्या शेताचं एक मोठं चित्र आहे, त्यातल्या बैलाला तीन पाय आहेत. चौथ्या पायाजवळ गवत किती उंच दाखवावं यावर माझं मन बसेना, म्हणून तो राहिला. घरी आलेले पाहुणे विचारतात, "लंगडा आहे का?" आणि बायको, सुलभा, माझ्याआधी उत्तर देते, "नाही, मालक लंगडा आहे."

खरं सांगायचं तर मला चित्राची सुरुवात फार आवडते. कोरा कागद ओला केला की त्याला एक वास येतो. पहिला रंग त्यात सोडला की तो आपल्या मनाने पसरतो, आपण नुसतं बघायचं. तेव्हा चित्र काहीही होऊ शकतं. मग हळूहळू ते एकच काहीतरी व्हायला लागतं, आणि ते जे होतं ते माझ्या डोक्यातल्यापेक्षा नेहमी थोडं बावळट असतं. तिथे मी ब्रश धुतो. लोक म्हणतात आळस. मी म्हणतो आशा. चौथा पाय काढला नाही तोवर तो बैल जगातला सर्वांत देखणा बैल होऊ शकतो.

हे तत्त्वज्ञान हिराबाईपुढे चाललं नाही.

हिराबाई म्हणजे वनिताची सासू, आणि वनिता म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. रोह्याची मुलगी, लग्न होऊन पेणच्या खाडीकाठच्या गावात गेली. नवरा कंपनीत, शिफ्टला. त्यांचं मिठागर सासूने सासऱ्यांच्या मागे एकटीने चालवलेलं. त्या साली ठरलं की हा हंगाम शेवटचा. हिराबाईचे गुडघे बोलायला लागले होते, मुलाला कंपनी सोडवत नव्हती, आणि जागा कोळंबीच्या तळ्यांसाठी द्यायचं नक्की झालं होतं. वनिताने मला फोन केला, "सर, आमच्या आईंना मिठागराचं चित्र पायजे. भिंतीवर लावायला."

मी म्हटलं, "फोटो काढून मोठा करून घ्या की. स्वस्तात होईल." नको ते काम अंगावर आलं की मी फार व्यवहारी होतो.

मागून हिराबाईचा आवाज आला, "तिच्या फोनमदी सतरा हायेत. बोट लागला का सरकून जातंय. मना न हालनारा पायजे. इचार मास्तरला, जमल कं?"

जमेल, असं मी म्हणालो. फोन ठेवल्यावर सुलभा म्हणाली, "त्या बाईला बैलाबद्दल सांगितलंत का?"

तर त्या माघात मी सुट्टीच्या दिवशी रोह्याहून सकाळची गाडी धरून पेणला जायला लागलो. पहिल्याच दिवशी गाडीत डोळा लागला आणि पेणच्या पुढे जितेला उतरलो. जिते हे सुंदर स्टेशन आहे, शांत आहे, पण तिथे मिठागर नाही. परतीच्या गाडीची वाट बघत मी तिथल्या एका झाडाचं चित्र सुरू केलं. अर्थात तेही अर्धंच आहे.

पेणमध्ये रंगाच्या दुकानात गेलो. पेण म्हणजे गणपतींचं गाव. तिथे चहाच्या टपरीवरच्या माणसाच्याही नखात रंग असतो. तिथे जाऊन 'मी चित्रकार' म्हणणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळाशी जाऊन 'मी फार कष्टाळू' म्हणणं. मी ऐटीत पांढऱ्या रंगाच्या ट्यूबा मागितल्या. दुकानदार म्हणाला, "किती मूर्ती?"

"मूर्ती नाही. एक चित्र."

"एका चित्राला एवढा पांढरा? काढताय तरी काय, हिमालय?"

"मिठागर."

त्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं आणि ट्यूबा दिल्या. त्या ट्यूबा अजून माझ्याकडे आहेत, न फोडलेल्या. कारण मिठागरात जाऊन बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की मीठ पांढरं नसतंच. सकाळी ते निळसर असतं, कालच्या आभाळाचं उरलेलं. दुपारी त्याच्याकडे बघवत नाही, मग त्याला रंग तरी कुठला म्हणायचा? उन्हं उतरली की ते गुलाबी होतं, आणि राशीच्या सावलीतलं मीठ तर चक्क जांभळं. पांढरा रंग सगळ्या मिठागरात एकच होता, हिराबाईचा रुमाल. आणि जलरंगात पांढरं काढायचं नसतंच, कागदाचं सोडायचं असतं. हे मी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आलोय. स्वतः मात्र ट्यूबा घेऊन गेलो होतो.

उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात ते दाट होतं, आणि उन्हात बघता बघता त्यावर साय धरल्यासारखं मीठ धरतं. मग लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर रास घालायची. हे सगळं ऐकायला संथ वाटतं. काढायला बसलं की कळतं. मी वाफ्यातल्या पाण्याचं निळं लावून होतो न होतो तोवर हिराबाईने पाणी सोडून दिलेलं असायचं. रास काढायला घेतली की ती दुप्पट व्हायची. मी ओरडायचो, "हिराबाई, जरा थांबा, एवढं होऊ द्या!"

"मीठ थांबतंय कं तुज्यासाटी?" ती फळी ओढता ओढताच म्हणायची. खाडीकाठी माझ्या मास्तरकीला अहो-जाहो नव्हतं. "आमी तीन वाफं वढून मोकली झालो, आनि तुजा अजून आभालच चाललाय!"

आणि दर वेळी निघताना एकच, "हालला नाय पायजे हां, मास्तर."

एकदा त्यांनी बांधामागे पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून पेटवलेला पेंढा. तो वास नाकात गेला आणि मी ब्रश टाकून उठलो. बोटं रंगलेली, शेंगा सोलून तोंडात टाकतोय, आणि हिराबाई माझ्या कागदापुढे उभी राहून बघतेय. बराच वेळ बघितलं तिने. मग वनिताला म्हणाली, "गो, ह्यात आपली उघाडी कंच्या अंगाला हाय?" उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार. मी ते काढलंच नव्हतं. जिथे पाणी आत येतं तेच नव्हतं. मी शेंग गिळून म्हणालो, "ते अजून चालू आहे." चित्रकाराचं हे फार सोयीचं वाक्य आहे. लग्नाला उशीर झालेला मुलगा जसं 'बघतोय' म्हणतो, तसं.

आणि मग तो दिवस आला. पाण्याची बाटली मी गाडीत विसरलो. रंग आहेत, कागद आहे, ब्रश आहे, पाणी नाही. पुढ्यात एवढं पाणी पसरलेलं असताना माघारी कोण जाणार? शेवटच्या वाफ्यातलं दाट पाणी डबीत घेतलं आणि रंग कालवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी कागद उघडला आणि मी सुलभाला हाक मारली. आभाळात मीठ फुललं होतं. निळ्या रंगात सगळीकडे बारीक चांदण्या, जिथे रंग थबकला तिथे पाकळ्या, बांधाच्या कडेला खरखरीत चमचमती रेघ. मी काढलेलं काहीच नव्हतं, आणि इतकं सुंदर मी कधी काढलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. माझ्या हाताला जे आयुष्यभर जमलं नाही ते एका विसरलेल्या बाटलीने केलं होतं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी सिद्धांत मांडला. स्टाफरूममध्ये सांगितलं की विषय आणि माध्यम आता एक झालेत. मिठागराचं चित्र मिठागरानेच काढायला हवं. गणिताचे सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही काहीच नाही करायचं." मला ते कौतुक वाटलं. मी कॅन भरून खारं पाणी घरी आणलं, मोठा कागद घेऊन सगळं नव्याने सुरू केलं, हात द्यायचा, वाळवायचा, पुन्हा द्यायचा. राशींच्या जागी डिंक लावून हिराबाईच्याच राशीतलं मीठ चिकटवलं. उघाडीसुद्धा काढली. कोपऱ्यात लाल लुगड्यातली हिराबाई काढली, हातात फळी. आणि वैशाखात, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, एक चित्र पूर्ण झालं. मला ते कळलं कसं? मी त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढे गेला नाही. बास. घंटा वाजल्यासारखं काही नाही. फक्त हाताला काम उरलं नव्हतं.

सुलभाने ते उभं धरून बघितलं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि ती तसं सहज म्हणत नाही. मग कागद खाली ठेवत, "पण अहो, पावसाळ्यात काय होईल याचं?"

मी म्हणालो, "कलेला ऋतू नसतो."

"मिठाला असतो," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

ज्येष्ठात हिराबाईच्या नव्या घराच्या भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकला. बाहेर शेवटच्या राशी पेंढ्याने शाकारून ठेवल्या होत्या. हिराबाईने चित्र खालून, बाजूने, दारातून, सगळीकडून बघितलं. उघाडीवर बोट ठेवलं. लुगड्यावर ठेवलं. मग फ्रेम दोन्ही हातांनी हलवून बघितली, घट्ट आहे का. "नाय हालत," ती म्हणाली. मला जेवायला वाढलं. परतीच्या गाडीत मी झोपलो नाही, इतका खूश होतो.

श्रावणात वनिताचा फोन आला.

"सर, रागावणार नाय ना?"

असं विचारणारा विद्यार्थी पुढे काय सांगणार हे मास्तरला अनुभवाने कळतं. पण हे काही वेगळंच होतं. झालं होतं असं की त्यांच्या नव्या भिंतीला ओल धरली. आधी जरा, मग ओघळ. नवऱ्याने शिफ्टवरून येऊन ते पाहिलं आणि घर बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं. रामा गवंडी गच्चीवर चढला, सगळा स्लॅब ठोकून बघितला, कोपऱ्यात सिमेंट भरलं, वर काळं काहीतरी फासलं. ओघळ चालूच. नवरा म्हणाला तू आम्हाला फसवलंस, रामा म्हणाला माज्या स्लॅबातून मुंगी पन येनार नाय. आवाज चढले. शेवटी रामाने चिडून भिंतीवरच्या ओघळाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग तो म्हणाला, वयनी, यो पानी वरून नाय आला. यो खाडीचा हाय. सर, आमचे मालक घाबरलेच. त्यांना वाटलं खाडी पायाखालून चढून भिंतीत आली. शेजारीपाजारी जमा झाले, जो येईल तो बोट लावून चाटतोय. आणि आई आपल्या खाटेवर बसल्या बसल्या म्हणाल्या, येडे झालाव कं सगलं? वर बगा, मास्तरचा चित्र मुततोय."

मी पुढच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. छत्री, आणि गुंडाळलेला कोरा कागद. गाडीभर मी माफीची वाक्यं जुळवली. मनात एकच येत होतं: तिने सतरा फोटो सोडून माझ्याकडे मागितलं, न हलणारं म्हणून मागितलं, पुढच्या हंगामाला बघायला बाहेर काही उरणार नव्हतं, आणि मी तिला जगातलं सर्वांत हलणारं चित्र दिलं होतं.

काचेच्या आत धुकं होतं. आभाळ खाली उतरून वाफ्यांत मिसळलं होतं. बांध फुटले होते. राशी विरघळून करड्या झाल्या होत्या. लाल लुगडं पायातून वाहत उघाडीपर्यंत गेलं होतं. माझी सही मात्र सर्वांत आधी गेली होती, तिचा मागमूस नव्हता. फ्रेमच्या तळाला एक थेंब लोंबत होता, वनिताने खाली वाटी ठेवली होती.

"हिराबाई," मी म्हणालो, "मी घेऊन जातो हे. साध्या पाण्यात नवीन काढतो. पुन्हा हलणार नाही."

ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खिरकीतून बग."

मी बघितलं. बाहेर पाऊस लागला होता. खरं मिठागर आडवं पसरलं होतं, बांध नाहीत, वाफे नाहीत, आभाळ आणि खाडी एकच करडी. भिंतीवरच्यासारखंच. माझं चित्र आयुष्यात पहिल्यांदा विषयासारखं हुबेहूब दिसत होतं, आणि तेही माझी सही गेल्यावर.

"पावसात आसाच असतो मिठागर," ती म्हणाली. "राव दे भिताडावर."

"पण अट मोडली ना मी."

"मोडलीस तं. आता बोलून काय?" मग सुकटीतला एक कचरा बाजूला टाकत म्हणाली, "दिवालीनंतर वारा सुटंल. मंग बगू."

रामा गवंड्याला मी भेटून आलो. तो फार हसला नाही.

मार्गशीर्षात वनिताने फोटो पाठवला. चित्र वाळलं होतं, आणि मीठ पुन्हा धरलं होतं, पण माझ्या राशींच्या जागी नाही. त्याला वाटलं तिथे. आभाळात एक नवी रास होती. उघाडी पांढरी झाली होती. आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीवर, बाहेर, काचेवर, बारीक बारीक खडे चढले होते.

तेव्हापासून ते असंच चाललंय. पावसाळ्यात वाटी, हिवाळ्यात मीठ. दर वर्षी निराळं. एका साली लाल लुगडं अर्ध्या आभाळात गेलं. मला त्यात फार अर्थ दिसायला लागलाय. आयुष्यभर एकच चित्र पूर्ण केलं आणि तेच अजून संपायला तयार नाही, हे माझ्यासारख्याला केवढं दिलासा देणारं आहे! आपण चित्र सुरू करायचं, बाकी वारा आणि पाऊस बघून घेतील. बैलाचा चौथा पायसुद्धा कधीतरी आपोआप उगवेल असं मला अलीकडे वाटतं.

तर परवा बरणीत चमचा वाजला आणि मी सुलभाला म्हटलं, चल. ती पहिल्यांदाच आली. जितेपर्यंत पोचू नये म्हणून मला सारखी कोपराने ढोसत होती. गाव तेच, पण बांधापलीकडे आता चौकोनी तळी आहेत, त्यांत कोळंबीसाठी पाण्यावर चक्रं फिरतात, दिवसभर घरघर करत. हिराबाई अंगणात उन्हाला बसली होती, पाठ तळ्यांकडे, तोंड दाराकडे. दारातून ती भिंत सरळ दिसते. वनिता चहा आणताना हळूच म्हणाली, "सकाळी खाट तिथेच लावायला सांगतात, सर."

यंदा काचेआड मीठ चांगलंच धरलं होतं. सगळ्या तळभर, जाड, उन्हाची तिरीप पडली की डोळे दिपवणारं. सुलभा काचेपाशी जाऊन बघत राहिली, आणि ती चित्राकडे बघते तेव्हा मला बोलावंसं वाटतं. मी हिराबाईजवळ बसून माझा सिद्धांत सांगायला घेतला. की हे चित्र जिवंत आहे. की ते दर साली हंगाम घेतं. की न हलणारं मागितलंत, पण मिठागर तरी कधी न हलता राहिलं होतं? मी बराच वेळ बोललो.

हिराबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. आत गेली, फ्रेमच्या खालच्या पट्टीवरचा एक खडा नखाने काढला, जिभेवर ठेवला, आणि डोळे मिटून चघळला. बाहेर चक्रं घरघरत होती.

"मीठ चांगला पिकवलास, मास्तर," ती म्हणाली. "आता चित्र कवा काढतोस?"